भेंडीची उलटतपासणी

बुधवारी आईबरोबर गोदाघाटावरच्या बाजारात गेलो होतो. आई भेंडी घेते ती शेपूट मोडून. कट्‌कन मोडलं नाही की पुढचा वाटा. टोमॅटो दाबून बघायचे, मेथी "आजची की कालची?" म्हणून विचारायची, आणि शेवटी कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून घासाघीस. समोरची मावशी पहाटेच दिंडोरीकडून आलेली. तीही बिचारी सगळ्याची उत्तरं देत होती.

परतताना कॉलेज रोडला एका मोठ्या दुकानात शिरलो. तिथे याच माउलीनं बिस्किटं, टोस्ट, सूपची पाकिटं, नातवासाठी द्राक्षाचा ज्यूस असं सगळं चार मिनिटांत ट्रॉलीत टाकलं. एक प्रश्न नाही! ज्यूसचा डबा मी उलटा करून वाचला. आधी पाणी, मग साखर, मग कुठे द्राक्षाचा रस, तोही १० टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियमच आहे, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी माल कळतो. पिंपळगावच्या बागा तासाभराच्या आत, आणि आम्ही नाशिककर द्राक्षाच्या वासाचं साखरपाणी घरी नेतो.

आई म्हणाली, "अरे, कंपनीचं आहे. चांगलंच असणार."

मावशीला पाच रुपये जास्त द्यायला जिवावर येतं. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलं, तर ते आपल्या गावीही नसतं. घासाघीस तिथे करायची तरी कुणाशी? बिलिंगला बसलेल्या पोराशी?

सगळं घरीच करा, असं मी म्हणत नाहीये. आम्ही दोघंही नोकरी करतो, आठवड्यातून दोनदा पाकिटावरच भागतं. पण नुसतं उलटून वाचायलाही आपल्याला लाज का वाटते, हे मला खरंच कळत नाही. मागे उभा असलेला माणूस कंजूस म्हणेल म्हणून?

रविवारी इंदिरानगरला भाच्याचा वाढदिवस होता. आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यावर बारीक अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट'. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याजागी वनस्पती तेल चालतं. त्या डब्यात पामतेल होतं. बेकायदा काही नाही, डब्यावर लिहिलंच होतं की. पण तिथे जमलेल्या वीसेक माणसांत (दोन डॉक्टर धरून) सगळे त्याला आइस्क्रीमच म्हणत होते.

मी हे बोललो तर मेहुणे म्हणाले, "तुझं पुरे आता. पोरं खाताहेत ना आवडीनं?"

खात होती. डबा चाटूनपुसून संपला. मीही दोनदा घेतलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन चहा प्यायलो तरी टाळूला मेणासारखा थर तसाच होता.