आज रात्री व्यायची बहुतेक

थंडी सरायला लागली की लोकांना पालवी दिसते, कोवळं ऊन दिसतं, कुणाकुणाला कविताही होतात म्हणे. ज्यांच्या गोठ्यात चार-दोन गाभण गाई आहेत त्यांना या दिवसांत फक्त गाईची मागची बाजू दिसते. खरंच सांगते, घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघायला मला वेळ नसतो पण गाईचं शेपूट उचलून बघायला असतो.

आता नवा हिरवा चारा यायच्या सुमाराला गाई व्याव्यात, म्हणजे दुधाला जोर येतो, हा हिशोब कागदावर फार छान दिसतो. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, रेतनाची तारीख भिंतीवर लिहिलेली, मिळवा आणि मोकळे व्हा. फक्त ती तारीख गाईला कुणी सांगितलेली नसते, त्यामुळे चार दिवस अलीकडे नाहीतर आठ दिवस पलीकडे, बाईसाहेबांची मर्जी.

मग लक्षणं बघत बसायचं. कास उतरली का, सड तट्ट फुगलेत का, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे दाबून बघायचं, तिथं खळगे पडून मऊ लागलं की वेळ जवळ आली. अंगातली उष्णताही व्यायच्या आदल्या दिवशी अंशभर उतरते, म्हणून थर्मामीटर लावायचा, आणि त्याला दोरा बांधून तो शेपटीच्या केसांना चिमट्यानं अडकवायचा. ही दोऱ्याची युक्ती ज्यानं काढली त्याचा पहिला थर्मामीटर कुठं गेला असेल हे मी विचारणार नाही. एवढं सगळं झाल्यावर नवरा नुसता लांबून बघतो आणि म्हणतो, "आज रात्री व्यायची बहुतेक." हे तो रोज संध्याकाळी म्हणतो आणि जाऊन झोपतो.

दिवसाही चैन नाहीच. ज्या व्यालेल्या आहेत त्यांना कोवळं गवत दिसलं की कडब्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर शेण पातळ, शेपूट त्यात भिजलेलं आणि मी नेमकी धारेला बसलेली. त्यात हिवाळ्यातले केस झडत असतात ते चिकटतात. पुढचं सांगत नाही.

तर रात्र. संध्याकाळी उशिरा वैरण घातली तर जास्त गाई दिवसा व्यातात, हे बऱ्याच ठिकाणी करून बघितलेलं आहे आणि जमतंही. आमचीनं उशिराची वैरण आवडीनं खाल्ली, आणि मग रवंथ करत माझ्याकडे बघत बसली, जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर आलेल्या माणसाकडे क्लार्क बघतो तशी. मी स्वेटरवर स्वेटर चढवून पोत्यावर बसलेय आणि ती निवांत. शेवटी म्हटलं चहा तरी टाकावा, आणि आधण येईपर्यंत परत आले तर वासरू खाली पडलेलं, ही त्याला चाटतेय, वर मला बघून फुर्रर्र केलं. म्हणजे एवढा वेळ माझ्याच जाण्याची वाट बघत होती ही!

मग नाकातोंडातला चिकटा साफ करा, कोरड्या काडाने पुसा, नाळेला आयोडिन लावा, आणि सगळ्यात महत्त्वाचा चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध. रोगांशी लढायची ताकद वासराला त्यातूनच मिळते आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाला कमी होत दिवसभरात जवळपास संपते, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. पस्तीस किलोचं वासरू म्हणजे साडेतीन लिटर. हे वासराला पटवून द्या! त्यानं आईचा गुडघा चोखला, गव्हाणीचा खांब चोखला, माझं कोपर, स्वेटरची बाही, सगळं चाखून झालं, सड सोडून. तोंडात बोट घालून सडापर्यंत आणावं तर सड तोंडात आणि हे महाराज दमून झोपले. शेवटी बाटलीनं पाजला, निम्मा त्याच्या पोटात, निम्मा माझ्या बाहीत.

त्यानंतर वार, म्हणजे वासरामागून बाहेर येणारी गर्भाची झिल्ली, पडायची वाट, आणि पडली की गाईनं खायच्या आत उचलायची, म्हणजे पुन्हा पोत्यावर बैठक.

उजाडल्यावर नवरा आला, आंघोळ करून, भांग पाडून. वासराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय, म्हटलं नव्हतं मी?"