केनेरी म्हणजे उंदेरी नव्हे

अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरी आणि उंदेरी या दोन बेटांवरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण त्यातलं 'केनेरी म्हणजे उंदेरी' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. नेमकं उलट आहे. इंग्रजांच्या कागदांतलं केनेरी म्हणजे खांदेरी आणि हेनेरी म्हणजे उंदेरी. दोन्ही नावं जोडीनेच येतात, म्हणून गल्लत होते. खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि त्यावरून इंग्रजांशी झुंज झाली. उंदेरी पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने घेतली. नावं उलटली की इतिहासच उलटतो!

उच्चार 'खांदेरी' की 'खंदेरी', यावर माझं मत ठाम आहे. किनाऱ्यावरच्या थळ गावाहून होडीने गेलो तेव्हा नाखवा 'खांदेरी'च म्हणत होता, 'खां' चांगला लांबवून. बेटावर एक खडक आहे, त्यावर छोटा दगड आपटला की पितळी भांड्यासारखा खणखणतो. तो दाखवतानाही तोच उच्चार. तिथल्या वेताळाला जाणाऱ्या कोळ्यांच्या तोंडचं नाव मला रोमन स्पेलिंगपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. 'Khanderi'तल्या त्या एका 'a'वरून 'खं' की 'खां' कळणार कसं?

आणि हो, १९९८ पासून खांदेरी बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट आहे, तेही लेखात यायला हवं होतं.