काठ दिसला पाहिजे

काल आईच्या डीटीएचचं (छत्रीवरच्या टीव्हीचं) रिचार्ज केलं आणि आज दुपारी आईचा फोन आला. "अगं, मराठी चॅनल धुरकट दिसतंय. डोळ्यात परत काही झालं असेल का?" तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोनच महिने झालेत. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि काळाचौकीला पळाले. तिचे डोळे ठणठणीत आहेत. रिचार्ज करताना कंपनीने आपल्याच मनाने तिचा पॅक बदलला होता. नवीन पॅकच्या नावात ठळक अक्षरात 'मराठी' आहे. त्यात हिंदी मालिका एचडी, सिनेमे एचडी, क्रिकेट एचडी, आणि मराठी चॅनलं तेवढी एसडी, म्हणजे जुन्या, कमी स्पष्ट चित्राची.

कस्टमर केअरला फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सेम सीरियल है, सेम टाइम पे आता है, एसडी में भी दिखेगा."

दिखेगा! काय दिसतं ते मला विचार, बाई.

माझी आई तीस वर्षं साड्यांना फॉल-बिडिंग करत होती. लालबाग-परळच्या निम्म्या बायकांच्या साड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. ती मालिका बघते तेव्हा आधी साडी बघते, कथा नंतर. पूर्वी बायका यायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, कालच्या भागात तिने नेसली होती तसला काठ लावून द्या." म्हणजे आईचं टीव्ही बघणं हे तिच्या कामाचाच भाग होतं.

आमच्याकडे एचडी बॉक्स आला तो २०११ मध्ये. वर्ल्डकपच्या सेमीफायनलला मोहालीत पाकिस्तानला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बॉक्स बुक केला. २ एप्रिलला, फायनलच्या दिवशी सकाळी, माणूस येऊन गॅलरीच्या कठड्यावर दक्षिणेकडे तोंड करून छत्री बसवून गेला. वानखेडे आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर, पण तिकीट कुठलं मिळायला? बाबा स्टुलावर बसून टीव्हीला नाक लावून म्हणत होते, "चेंडूची शिवण दिसतेय! अगं, शिवण दिसतेय बघ!" गंभीरच्या शर्टावरची माती दिसत होती. धोनीचा तो शेवटचा षटकार गेला तेव्हा सगळी चाळ गॅलरीत आली होती. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

सोमवारी संध्याकाळी आईने तिचं मराठी चॅनल लावलं. त्याच टीव्हीवर, त्याच नव्या बॉक्सवर. चित्र आडवं ताणलेलं, बायकांचे चेहरे फुगलेले, साडीचा काठ म्हणजे नुसता रंगाचा एक पट्टा. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चेंडूची शिवण दिसते, मग माझ्या साडीचा काठ का नाही दिसत?" बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आज आहे. तेव्हा कुणाला मराठी प्रेक्षकासाठी भांडायचंच नव्हतं.

कंपन्यांचं आपसांतलं भांडण तर जोरात चाललं होतं. २०१० मध्ये सन डायरेक्ट आणि टाटा स्कायने एचडी आणलं, मग एकेक करत सगळेच उतरले. ते दिवस आठवा. शाहरुख एका कंपनीचा, आमिर दुसरीचा, आणि प्रत्येकाचा दावा एकच, आमच्याकडे सगळ्यात जास्त एचडी चॅनलं. पुढे ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख आली, मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल बंद, तेव्हा तर आमच्या गल्लीत रोज एक एजंट यायचा. प्रत्येकाच्या हातात एचडीची यादी. आई प्रत्येकाला एकच विचारायची, "यात मराठी कुठलं?" कुणी नजर चुकवायचा, कुणी म्हणायचा, येतंय, लवकरच येतंय.

लवकरच म्हणजे कधी? २०१६! त्या वर्षी स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांची एचडी चॅनलं आली. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांना सन समूहाने डिसेंबर २०११ मध्येच एचडी दिलं होतं. पाच वर्षं! त्यांचं स्वतःचंच डीटीएच होतं म्हणून त्यांना जमलं, हे कबूल. पण मग डिश टीव्ही आणि झी हेही एकाच समूहाचे होते ना? त्यांना का नाही जमलं?

आणि हे सगळं होतं कुठे? मुंबईत. गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला, शेजारी ठाण्याच्या घोडबंदर रोडला आपल्या मालिकांचं शूटिंग होतं. कॅमेरे एचडी, एडिटिंग एचडी. तिथून ते चित्र उपग्रहावर जातं, आणि काळाचौकीत परत उतरतं तेव्हा पाचातले चार हिस्से गळून पडलेले असतात. हे मी उगाच म्हणत नाही. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एचडीचं १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, पाच पट होतात. आईचा काठ त्या गळलेल्या चार हिश्श्यांत जातो.

उपग्रहावरची जागा महाग असते, एका एचडी चॅनलच्या जागेत अनेक एसडी चॅनलं बसतात, हे मला माहीत आहे. ठीक आहे. पण ती जागा द्यायची वेळ आली की दरवेळी आम्हीच मागे का?

२०१६ च्या दिवाळीनंतर एकदा घरी गेले होते. मराठी एचडी नुकतंच लागलं होतं. मालिकेत लग्न चाललं होतं, नवरी पैठणीत. आई उठली, चष्मा लावून टीव्हीच्या अगदी जवळ गेली, आणि म्हणाली, "हा काठ विणलेला नाही. वरून लावलाय. टाके बघ." खरंच, बारीक टाके दिसत होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कसं सांगू? तीस वर्षं जे काम बोटांनी ओळखलं ते तिला पडद्यावर पहिल्यांदा नीट दिसत होतं. बाबा त्याआधी दोन वर्षं गेले होते. ते असते तर त्यांनीही स्टूल पुढे ओढलं असतं, मला खात्री आहे.

आता कुणी म्हणेल (माझा भाचा म्हणालाच) की मावशी, डीटीएच काढून टाक, वायफाय घे, मोबाइल अ‍ॅपवर सगळं एचडी मिळतं. मिळतं, मान्य. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला रिमोटवरचे तीन आकडे पाठ असतात, ओटीपी आणि पासवर्ड नाही. अंधारात हात लांब करून ती ते तीन आकडे दाबते आणि तिचं चॅनल लागतं. एवढं सोपं दुसरं काही आहे का? तिने का बदलायचं?

आणि पैसे? २०१९ मध्ये ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) नवा नियम आला, तुम्हाला हवी तीच चॅनलं घ्या. तेव्हा १३० रुपयांत शंभर चॅनलं होती, कर धरून १५३, पे चॅनलचे पैसे वेगळे. मी तेव्हा खूश होते. मग कळलं की त्या शंभरात एक एचडी म्हणजे दोन चॅनलं धरायचे. आम्ही तेही केलं. ज्या पन्नास चॅनलांकडे आई ढुंकून बघत नाही ती काढली आणि मराठी एचडी ठेवली. म्हणजे आम्ही जास्त पैसे द्यायला तयार होतो, सात वर्षं देत होतो. आणि कंपनी न विचारता एका रिचार्जमध्ये ते काढून घेते. ग्राहक कमी होतायत म्हणून सगळ्या कंपन्या रडतात. २०१८ मध्ये डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डी२एच एक झाले, २०२५ मध्ये टाटा प्ले (आधीचं टाटा स्काय) आणि एअरटेलची बोलणी होऊन फिसकटली. अरे, जे थांबलेत त्यांच्याशी तरी नीट वागा! जी बाई पंधरा वर्षं एकच छत्री ठेवून आहे, पावसाळ्यात सिग्नल गेला तरी शांतपणे सरी थांबायची वाट बघते, तिला तुम्ही फसवून खालच्या पॅकवर टाकता?

फोनवर मी ओरडले. नंतर वाईट वाटलं. त्या मुलीचा काय दोष? तिच्यासमोर स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं तेच ती वाचते. शेवटी ती हळूच म्हणाली, "मॅडम, मेरी मम्मी भी मराठी सीरियल देखती है," आणि मराठी एचडी चॅनलं एकेक सुटी कशी जोडायची ते तिने मला समजावून सांगितलं. दोन लागली. तिसरं म्हणे चोवीस तासांत लागेल.

आईला मी सांगितलं, डोळे बरे आहेत, काळजी करू नकोस. ती म्हणाली, "मग उद्या लागेल ना? उद्या साखरपुड्याचा भाग आहे."

काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडीवाल्यांनो, आज घरी जाऊन आईवडिलांच्या टीव्हीवर मराठी चॅनल कुठल्या नंबरवर लागतंय आणि पॅकमध्ये एचडी आहे की एसडी ते तपासा. तुमच्याही रिचार्जमध्ये असं गुपचूप बदललं असेल तर खाली लिहा. मी सगळी उत्तरं गोळा करून कंपनीला तक्रार पाठवणार आहे, मराठीत.