'रिव्हर्ट' शिकून घ्या, आयुष्यभर पुरेल

इंग्रजीमुळे नोकरीत अडलंय? साहेबासमोर त-त-प-प होतं? सोडा काळजी. अख्खी डिक्शनरी पाठ करायची गरज नाही. एकच क्रियापद शिका: रिव्हर्ट. एवढ्या एका शब्दावर माणूस बँकेच्या कर्ज विभागात फिरत्या खुर्चीत बसू शकतो, हे मी गेला दीड महिना जवळून बघतोय.

पहिलं पथ्य म्हणजे शब्दकोश उघडायचा नाही. उघडलात की घोटाळा. तिथे लिहिलेलं असतं, रिव्हर्ट म्हणजे पूर्वपदावर येणे, किंवा मुदत संपल्यावर मालमत्ता मूळ मालकाकडे परत जाणे. म्हणजे हाँगकाँगचा मोठा भाग ब्रिटिशांनी १८९८ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि १९९७ साली अख्खं हाँगकाँग चीनकडे परत गेलं, तसलं काहीतरी. एवढं कोण करत बसणार? 'उत्तर देणे' हा सुटसुटीत अर्थ आपल्या हापिसांनी केव्हाच रुळवलाय. सिंगापूर-मलेशियातही चालतो, तेव्हा लाजायचं कारण नाही.

सरकारी नोकरी केलेल्या जुन्या माणसापुढे मात्र हा शब्द जपून काढा. माझे काका जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांना बँकेचा मेल वाचून दाखवला, "वुई विल रिव्हर्ट शॉर्टली." काकांनी चष्मा काढला. "कुणाला रे? काय केलं होतं त्याने?" त्यांच्या लेखी रिव्हर्ट करणं म्हणजे दिलेलं प्रमोशन काढून घेऊन माणसाला पुन्हा खालच्या जागेवर बसवणं. रिव्हर्शनची ऑर्डर हातात पडलेला माणूस आठवडाभर डबा खायला चौघांत येत नसे म्हणे. मी म्हटलं, "तसं नाही काका, बँक मला उत्तर देणार आहे." "मग 'उत्तर देतो' म्हणायला काय धाड भरली?" जुनी पिढी. समजत नाही त्यांना.

पुढचं पथ्य: शक्य तिथे 'रिव्हर्ट बॅक' म्हणा. मूळ लॅटिन शब्दात 'मागे' आधीच आहे, तेव्हा हे पिवळं पीतांबर झालं, पण वजन वाढतं. (त्यातला 'वळणे' हा भाग आपल्या संस्कृत 'वृत्'चं भावंड आहे. त्याच घराण्यातला 'परावृत्त' आठवा. ग्राहकाच्या बाबतीत नेमकं तेच साधायचं असतं.)

कधी, ते सांगू नका.

मराठीत वापरताना त्याचं सरळ नाम करून टाका. "त्यांचा रिव्हर्ट आला का?" परवा एका ओळखीच्या बाईंनी मुलीच्या लग्नाबद्दल सांगितलं, "बायोडेटा पाठवलाय, मुलाकडच्यांचा अजून रिव्हर्ट नाही." पूर्वी पत्राखाली 'उलट टपाली कळवावे' लिहायचे. आणि लोक कळवायचे.

आता प्रत्यक्ष वापर. माझं गृहकर्ज फिटलं. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळं बँकेच्या तिजोरीत. परत मागितलं. तिसऱ्या दिवशी मेल: "नोटेड, विल रिव्हर्ट." अकराव्या दिवशी: "काइंडली बेअर विथ अस, विल रिव्हर्ट." एकोणिसाव्या दिवशी शाखेत गेलो. टेबलामागचा मुलगा सभ्य होता, पाणीबिणी विचारलं. म्हणाला, "सर, सेंट्रल टीमला मेल टाकलाय. त्यांचा रिव्हर्ट आला की मी तुम्हाला रिव्हर्ट करतो." सव्विसाव्या दिवशी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल?

तारे! पाच हवेत? दुपारी बारा वाजता दाखवतो, या.

एकतिसाव्या दिवशी मी रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक जोडून पाठवलं. १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. उत्तर आलं: "थँक यू फॉर शेअरिंग. विल चेक अँड रिव्हर्ट." शेअरिंग! यांना लागू असलेला नियम यांना मी शेअर करायचा, आणि हे तो चेक करणार! पंधरा वर्षांत एकदा, एकदाच, पगार उशिरा झाला म्हणून हप्ता बाउन्स झाला होता. सकाळी नऊला फोन. बाउन्स चार्जेस, वर जीएसटी. तेव्हा मी "विल रिव्हर्ट" म्हटलं असतं तर चाललं असतं का हो?

शब्दकोशातला जो अर्थ मघाशी टाकून द्यायला सांगितला ना, मुदत संपली की वस्तू मालकाकडे परत, तेवढाच मी मागतोय. या बँकेने त्या शब्दातून नेमका तोच काढून टाकलाय आणि उरलेलं टरफल रोज मला पाठवतेय.

कागद सापडत नसतील तर तसं लिहा. 'हरवले' हा सोपा मराठी शब्द आहे. हरवले असतील तर दुसऱ्या प्रती मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं हेही त्याच परिपत्रकात तुमच्याच गळ्यात घातलंय, वाचा. नोकरी करता ना? मग समोरच्याला हो किंवा नाही सांगायला शिका. आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही फार हसू नका. तुमच्या सेंट मेलमध्ये 'रिव्हर्ट' शोधा, आणि त्यातल्या किती जणांना खरंच पुढे काही कळवलंत ते मोजा. त्यांच्यातला कुणीतरी अजून वाट बघत असेल.

आज ४७ वा दिवस. वरचे १७ दिवस गुणिले ५,०००, झाले ८५,०००. उद्या नव्वद.