‘डॉक्टर बघून घेतील’ यावर माझं उत्तर

मॅडम, नमस्कार. नर्सिंगमधल्या जनुकशास्त्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “एका सिस्टरच्या अंगावर चाळीस पेशंट, त्यात ही अमेरिकेतली फॅशन कशाला? जनुकं डॉक्टर आणि लॅबवाले बघून घेतील.” तुम्ही मेट्रन होतात. चाळीस पेशंटची गोष्ट मला मान्यच आहे. पण ‘डॉक्टर बघून घेतील’ हे पटत नाही.

गडचिरोलीतलं एखादं उपकेंद्र घ्या. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्याच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये द्रावणाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढुळून झाकल्या तर पॉझिटिव्ह. इथवर कुणालाही जमेल. पण पॉझिटिव्ह बाई वाहक (एकच जनुक बिघडलेलं, स्वतःला आजार नाही) की रुग्ण (दोन्ही बिघडलेली), हे नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबमधली तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलेल्याचा रिपोर्टही फसवा. हे ठाऊक नसलं की सिस्टर “सगळं नॉर्मल आहे” म्हणून मोकळी होते.

आता वेळेचं गणित. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की नवऱ्याचीही तपासणी लगेच व्हायला हवी, कारण गर्भनिदानासाठी वारेचा नमुना दहाव्या आठवड्यानंतर लवकरच घेतात. स्पेशालिस्टची भेट पाचव्या महिन्यात झाली, तर हातात फारसं उरत नाही. नाव नोंदवायला बाई येते ती एएनएमकडेच, उपकेंद्रातल्या नर्सकडेच ना?

आणि समजावणं! नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. घरी त्याचा अर्थ होतो, “एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली.” वर सासू म्हणते, रोग सुनेनं आणला. मूल रुग्ण निघालं म्हणजे एक बिघडलेलं जनुक सासूच्या मुलाकडूनही आलंय, हे तिला तिच्याच बोलीत सांगणार कोण? ओपीडीत दोन मिनिटं देणारा डॉक्टर?

मलेरियाचंही तसंच. जी6पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्याला प्रायमाक्विन ही मलेरियाची गोळी दिली तर तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळपट होते. चौदा दिवसांचा कोर्स देताना “लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबवा आणि या” हे एक वाक्य लागतं. त्याला जादा स्टाफ लागत नाही.

फॅशनचं म्हणाल, तर 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेनं 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलंय. तपासणीनंतर त्या माणसांशी बोलायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बीएस्सी नर्सिंगला जनुकशास्त्र आहेच, पण पॅथॉलॉजीच्या शेपटीला बांधलेलं. मुली मेंडेलचे वाटाणे पाठ करून पास होतात.

“वेळ कुठून आणायचा?” या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: तीच माहिती रजिस्टरमध्ये एकदा आणि मोबाइलवर पुन्हा भरायला लावणं बंद करा.