भिताडाला पाठ लावून

गेल्या महिनाभरात एकच पोस्ट मला चार ग्रुपांवर आली. परभणीच्या शाळासोबत्यांच्या, लातूरच्या पाहुण्यांच्या, संभाजीनगरच्या ऑफिसातल्या आणि एका गेमिंगच्या. मजकूर थोडक्यात असा: खरा शूटर (बंदुकीनं लढायचा व्हिडिओ गेम) म्हणजे फर्स्ट पर्सनच, थर्ड पर्सन ही नेम न लागणाऱ्यांना दिलेली सवलत. थर्ड पर्सन शूटर भारी ठरतो तो ग्राफिक्सवर. मॅप जितका मोठा आणि बंदुका जितक्या जास्त, तितका खेळ श्रेष्ठ. कथा नसली तरी चालते. आणि फोनवर जे खेळलं जातं त्याला शूटर म्हणूच नये.

मी हे खेळ बावीस-तेवीस वर्षं खेळतोय. यातला एकही मुद्दा मला पटत नाही, आणि पहिला तर मुळातच चुकीचा वाटतो. म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबतो.

फर्स्ट पर्सनमध्ये आपण पात्राच्या डोळ्यांतून बघतो, समोर दिसतात फक्त हात आणि बंदूक. थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा पात्राच्या मागं असतो, म्हणजे खेळभर आपल्यासमोर असते ती त्याची पाठ. पोस्ट लिहिणाऱ्याला ही पाठ मधे येते असं वाटतं. माझ्या मते या प्रकाराचं सगळं भांडवल तीच आहे. लहानपणी लपाछपीत ज्याच्यावर राज्य असायचं त्याला एकच धास्ती असायची, पाठीत बसणाऱ्या धप्प्याची. पुढचं शोधायचं आणि मागचं सांभाळायचं, दोन्ही एकदम. चांगला थर्ड पर्सन शूटर नेमकी हीच धास्ती जागी करतो. नेम लागतो का, हा प्रश्न तिथं दुसरा. मी उभा कुठं आहे, हा पहिला.

2005 साली आलेला कॅपकॉमचा रेझिडेंट ईव्हिल 4 घ्या. दिग्दर्शक शिंजी मिकामी. या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा असायचा. मिकामींनी तो खेळाचा नायक लिऑन याच्या उजव्या खांद्यामागं आणला, इतका जवळ की पडद्याच्या डावीकडं त्याची पाठच असते आणि आजूबाजूचं फारसं दिसत नाही. त्यात बंदूक रोखली की लिऑनचे पाय जमिनीला खिळतात. चालता चालता गोळी मारायची सोयच नाही. सुरुवातीलाच एक गाव लागतं. कुऱ्हाडी, कोयते घेतलेले गावकरी चहूबाजूंनी येतात आणि कुठूनतरी यंत्रकरवतीचा आवाज सुरू होतो. तो माणूस दिसत नाही, आवाज तेवढा जवळ येत राहतो. गोळी मारायला थांबावं तर पाठ उघडी पडते, पळावं तर समोरचे अंगावर येतात. घरात शिरून दार कपाटानं अडवलं तर ते खिडकीला शिडी लावतात. ज्याला हे सवलत वाटतं, त्यानं त्या गावात पाच मिनिटं काढावीत.

याच खेळातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पडद्याच्या मध्यावर नेमाची फुली नाही. बंदुकीतूनच लाल लेझरचा किरण निघतो आणि तो जिथं पडतो तिथं गोळी लागते. हे का महत्त्वाचं? कारण थर्ड पर्सनमध्ये दोन रेषा असतात, एक कॅमेऱ्याची आणि एक बंदुकीच्या नळीची. कॅमेरा खांद्यावरून बघतो म्हणून त्याला भिंतीपलीकडचं डोकं दिसतं, नळी मात्र खाली असते. आपण फुली डोक्यावर धरतो आणि गोळी समोरच्या भिताडात जाते. हा अनुभव न आलेला खेळाडू मला अजून भेटला नाही. चांगले खेळ या दोन रेषांमधलं अंतर लपवत नाहीत. नळी अडली आहे हे ते खेळाडूला आधीच दाखवतात. फर्स्ट पर्सनमध्ये ही अडचण फारशी येतच नाही, त्यामुळे तो प्रकार जास्त अस्सल आहे म्हणण्यापेक्षा, बनवणाऱ्यापुढचं हे एक गणित तिथं कमी आहे असं म्हणावं.

भिंतीआडून फुकट बघता येतं, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पब्जी मोबाइलच्या भारतातल्या आवृत्तीत, झाडामागं आडवा पडलेला गडी कॅमेरा फिरवून पलीकडचं सगळं टिपतो आणि पलीकडच्याला तो दिसत नाही. माणूस माणसाविरुद्ध खेळतो तेव्हा हे खुपतं, मलाही खुपलंय. त्या खेळात फर्स्ट पर्सनचा वेगळा पर्याय आहे तो याचसाठी उपयोगी पडतो. पण बघणं फुकट असलं तरी मारणं फुकट नाही. 2003 च्या किल.स्विचमध्ये आडोशाला चिकटून हात तेवढा बाहेर काढून आंधळा गोळीबार करता यायचा. 2006 मध्ये एपिकच्या गिअर्स ऑफ वॉरनं आडोसा हाच सगळ्या खेळाचा कणा केला. नीट नेम धरायचा तर खांदा आणि डोकं बाहेर काढावंच लागतं, आणि तेवढा वेळ आपणही कुणाच्या तरी नेमात असतो. किती वेळ बाहेर राहायचं, कधी आत यायचं, पुढच्या आडोशाकडं कधी धावायचं, यातच लढाई ठरते. माझा लातूरचा भाचा मला शिकवताना पहिल्यांदा जे म्हणाला ते हेच: "मामा, आधी भिताडाला पाठ लावा की, गोळ्या नंतर मारा!"

आता ग्राफिक्स. इथं फार वेळ घालवायची गरज नाही. परभणीत एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत संध्याकाळी तासावर गेम खेळू द्यायचे. मॅक्स पेन मी तिथं पाहिला. 2001 चा, फिनलंडच्या रेमेडीचा. मॅक्सचा चेहरा म्हणजे त्या खेळाच्या लेखकाच्या, सॅम लेकच्या, चेहऱ्याचा फोटो ताणून बसवलेला. तरी खोलीतली सगळी पोरं त्या एका मॉनिटरभोवती जमायची, कारण तो दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन आडवा झेप घ्यायचा आणि काळ संथ व्हायचा. गोळ्या हवेतून जाताना दिसायच्या, त्याचा कोट उडायचा. ती झेप त्याच्या डोळ्यांतून दाखवली असती तर नुसती जमीन तिरकी झालेली दिसली असती. अंग दिसतं म्हणून झेप दिसते. भारनियमनाची वेळ झाली की खोली अंधारात जायची, आणि आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसून त्याच झेपेबद्दल बोलायचो.

हात आणि पडदा यांच्यात उशीर नको, हे मात्र खरं. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद, 30 चित्रं म्हणजे 33.3. हा फरक बोटांना कळतो. पण टीव्हीला जोडायच्या कन्सोलांवर, म्हणजे गेमक्यूबवर रेझिडेंट ईव्हिल 4 आणि एक्सबॉक्स 360 वर गिअर्स, दोन्ही 30 वर चालायचे. त्यांचं मोठेपण चित्रांच्या संख्येतून आलेलं नाही. अंगाला वजन आहे, धावताना कॅमेरा खाली येऊन हलतो, भिंतीला टेकल्यावर धप्प आवाज येतो, यातून ते आलं. 2008 च्या डेड स्पेसनं तर पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. नायक आयझॅकचा जीव किती उरलाय ते त्याच्या सूटच्या कण्यावर, पाठीवर, उजळलेल्या पट्टीत दिसतं. बघणाऱ्याची नजर जिथं असतेच तिथं माहिती नेऊन ठेवली. ही दृष्टी महागड्या ग्राफिक्स कार्डातून येत नाही.

मोठा मॅप आणि जास्त बंदुका, या मुद्द्यावर मला आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं आहे. संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवर देवगिरी लागतो. सहलीत सगळेच गेलेले असतात, पण पुढच्या वेळी शूटर खेळणाऱ्याच्या नजरेनं चढा. दरवाजे एका रेषेत नाहीत. एकातून शिरलं की वळावं लागतं, आणि वळताना आपली कूस वरच्या तटाकडं होते. दारांना लोखंडी खिळे, हत्तीला सरळ धाव घ्यायला जागाच नाही. पुढं कातळात खोदलेला खंदक, डोंगराच्या कडा तासून उभ्या केलेल्या. त्यापुढं अंधारी. वळणावळणाचा काळोखी बोगदा, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, बाहेरून आलेल्याला पुढचं पाऊल दिसत नाही आणि आतल्याला पाऊल न् पाऊल ठाऊक. चालायला काही मिनिटांची ही वाट आहे, पण तिथला प्रत्येक कोपरा कुणीतरी विचार करून ठेवला आहे: शत्रू इथं येईल, इथं थांबेल, इथं त्याची पाठ आपल्याकडं होईल.

खेळाची जागा अशी रचावी लागते. बीजीएमआयचा एरँगल हा मॅप आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा आहे. खेळणाऱ्यांना विचारा, त्यांच्या लक्षात काय राहतं? पंधरा मिनिटं धावलेलं शेत कुणी सांगत नाही. सांगतात ते शेवटचं वर्तुळ, म्हणजे आकसत गेलेल्या मॅपचा उरलेला तुकडा: दोन दगड, एक पडकं घर, उरलेले चार गडी. मॅप आकसत आकसत देवगिरीच्या अंधारीएवढा होतो तेव्हाच तो खेळ रंगतो. पहिला मोठेपणा वाया जातो असं मी म्हणणार नाही, त्या धावण्यानं धाकधूक साठत जाते. पण मोठा मॅप म्हणून खेळ मोठा, हे गणित त्या खेळालाही लागू पडत नाही.

याच ओघात एक सांगतो. 2017 च्या अनचार्टेड: द लॉस्ट लेगसीची गोष्ट आपल्या पश्चिम घाटात घडते, होयसळांच्या अवशेषांमध्ये. होयसळ म्हणजे देवगिरीच्या यादवांचे दक्षिणेकडचे प्रतिस्पर्धी. घाट, मंदिरं आणि पाऊस बघून मला आनंद झाला, आणि लगेच मनात आलं की यादवांच्या बाजूचाही खेळ व्हावा. अंधारीत आडोसा घेत पुढं सरकणारा थर्ड पर्सन शूटर कुणी केला तर मी तो पहिल्या दिवशी घेईन.

बंदुकांचं तसंच. डेड स्पेसमध्ये सात हत्यारं आहेत. सुरुवातीचं प्लाझ्मा कटर हे तर खाणीतलं अवजार. त्याची कापायची रेघ आडवी करायची की उभी, एवढाच निर्णय, कारण तिथं डोक्यात गोळी मारून भागत नाही, हातपाय छाटावे लागतात. गिअर्समध्ये दोन मोठ्या बंदुका, एक पिस्तूल आणि हातगोळे, एवढंच अंगावर बाळगता येतं. पण त्यात गोळ्या भरण्याचाही खेळ केला आहे: पट्टीवरून सरकणारी रेघ योग्य जागी असताना बटण दाबलं तर बंदूक झटकन भरते, चुकलं तर अडकते. डोक्यावरून गोळ्या जाताहेत आणि आपण त्या पट्टीकडं बघतोय, त्या क्षणाला दुसरी पन्नास हत्यारं आठवतही नाहीत. निन्टेन्डोचा 2015 चा स्प्लाटून तर गोळीच मारत नाही, रंग मारतो. त्याच्या मुख्य प्रकारात चार जण चार जणांविरुद्ध, तीन मिनिटं, आणि जिंकतो तो जास्त जमीन रंगवणारा. धुळवडीला गल्ली कुणाच्या रंगात भिजली यावरून भांडणाऱ्या पोरांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

कथा नसली तरी चालते, हे स्प्लाटूनच्या त्या सामन्यांपुरतं मान्य. पण पोस्टमध्ये ते नियम म्हणून लिहिलं आहे. 2012 चा, बर्लिनच्या यागरनं केलेला स्पेक ऑप्स: द लाइन ज्यानं पूर्ण केला तो हा नियम लिहू शकत नाही. वाळूच्या वादळांनी गाडलेलं दुबई, कॅप्टन वॉकर आणि त्याचे दोन साथीदार. मध्यावर खेळाडूच्या हातून पांढऱ्या फॉस्फरसचा मारा होतो, आणि मग धूर निवल्यावर त्यातूनच चालत जावं लागतं. जळालेल्यांत सामान्य माणसं आहेत, हे तेव्हा कळतं. मला त्या रात्री पुढं खेळवलं नाही. त्याहून खोल लागलं ते वॉकरचं अंग. सुरुवातीला नीटनेटका गणवेश आणि साथीदारांना शिस्तीत दिलेले हुकूम. शेवटाकडं फाटके कपडे, भाजलेला चेहरा, तेच हुकूम आता ओरडून, शिव्यांसकट. हा बदल कुणी बोलून दाखवत नाही. आपण तासन् तास त्या पाठीमागं चाललेलो असतो म्हणून तो दिसतो. डोळ्यांतून बघणाऱ्या खेळात हा माणूस आपल्याला आरशातच भेटला असता.

राहिला फोनचा मुद्दा. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. मराठवाड्यातल्या किती घरांत कन्सोल आहे? मी लहान होतो तेव्हा कॉम्प्युटर क्लासची मागची खोली होती, आजच्या पोराकडं फोन आहे. फ्री फायर 2017 मध्ये आला तो कमी ताकदीच्या फोनवर चालेल असा: पन्नास गडी, दहा मिनिटांच्या आसपास सामना. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर बंद झाला आणि फ्री फायर मॅक्स उरला, जुलै 2022 मध्ये बीजीएमआय काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत पोरांनी खेळ सोडला नाही.

आणि काचेवर शूटर खेळणं सोपं नाही. बटणाची कड बोटाला लागत नाही, अंगठ्यांनी पडद्याचे दोन कोपरे झाकले जातात. म्हणून पोरं चार बोटांचा क्लॉ बसवतात, दोन अंगठे चालायला-बघायला आणि दोन तर्जनी रोखायला-मारायला. काही जण जायरो लावतात, म्हणजे फोनच किंचित तिरका करून नेम सरकवायचा. अंगठ्यांनी झाकलेल्या एवढ्याशा पडद्यावर आपला गडी दिसत राहणं, तो कशाआड आहे हे कळत राहणं, याचा आधार केवढा असतो ते खेळणाऱ्यालाच विचारावं.

भाच्याच्या खोलीवर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी फोन इतका तापतो की चित्रं अडखळायला लागतात, आणि गोळी मारलेली अर्ध्या क्षणानं सुटते. म्हणून उन्हाळाभर तो सकाळी सातच्या आत खेळतो. परवा शेवटच्या वर्तुळात त्याच्याकडं सात गोळ्या होत्या आणि समोर दोघं. त्यानं एकही मारली नाही. पडक्या भिंतीला पाठ लावून, कॅमेरा थोडा डावीकडं फिरवून तो थांबला. त्या दोघांनी एकमेकांना गाठलं, एक पडला. उरलेला मलमपट्टीला खाली बसला तेव्हा भाचा उठला. तीन गोळ्या लागल्या. मग त्यानं फोन माठाच्या ओल्या फडक्याशेजारी गार व्हायला ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा उचलला.