हत्ती, लहान, १ नग

माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा निकाल विमानतळावरच्या एका वहीत निळ्या शाईने लिहून ठेवलेला आहे. ‘हत्ती, लहान, १ नग. कवटी, १ नग. इतर बिल्ले.’ शेजारच्या ‘वस्तूचा प्रकार’ या रकान्यात लिहिलंय, ‘सर्कस’. खाली सही माझी. ती केल्याशिवाय डबा परत मिळणार नव्हता आणि विमान काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

मी जुन्या लष्करी टोप्यांवरचे बिल्ले जमवतो. का जमवतो ते विचारू नका, घरात विचारून झालंय. बहुतेक ब्रिटिश पलटणींचे, थोडे हिंदी पलटणींचे. संग्राहकांच्या मेळाव्याहून परत येत होतो, डबा हातातल्या बॅगेत. एक्स-रेचा पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. पडद्यासमोरच्या माणसाने मान वाकडी केली आणि हातमोजे घातलेल्या एका मॅडमनी माझा डबा टेबलावर उघडला.

त्यांच्या हाताला पहिला लागला तो हायलँड लाइट इन्फंट्रीचा. पांढऱ्या धातूची चांदणी, चहूबाजूंनी टोकं. यंत्रात ते फेकून मारायचं हत्यार दिसलं असणार, एवढं मी समजू शकतो.

“हे काय आहे?”

“कॅप बॅज. टोपीवरचा बिल्ला. जुन्या स्कॉटिश पलटणीचा.”

“यात हत्ती आहे.”

“हो, तो असईच्या–”

“सर्कस!” मागून आवाज आला.

मागे एक काका उभे होते. पायात नुसते मोजे. पट्टा काढून ट्रेमध्ये टाकलेला, त्यामुळे डाव्या हाताने पँट कमरेशी घट्ट धरलेली. उजवा हात मोकळा होता आणि तो माझ्या डब्याकडे रोखलेला होता. त्यांची स्वतःची बॅग केव्हाच सुटली होती. पट्टा बांधून निघून जायला त्यांना कुणाचीही आडकाठी नव्हती. पण दुसऱ्याची बॅग उघडलेली दिसली की काही माणसांचे पाय जमिनीला चिकटतात.

“सर्कशीतले बिल्ले आहेत मॅडम. लहानपणी पाहिलेत आम्ही. हत्तीवाल्याच्या टोपीला हत्ती.”

आता सांगा, काय बोलायचं? मी सुरुवातीपासून सुरुवात केली. असई म्हणजे आपलं जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला शिंदे आणि भोसले, दुसऱ्या बाजूला वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याच्या ७४ व्या हायलँडर्सची त्या दिवशी अक्षरशः चाळण झाली, तरी लढाई त्यांनीच जिंकली. म्हणून त्यांना हत्ती आणि ‘असई’ हे नाव मानचिन्ह म्हणून मिळालं. १८८१ साली ७१ वी आणि ७४ वी एकत्र करून हायलँड लाइट इन्फंट्री झाली आणि हत्ती त्यांच्या टोपीवर आला.

“थोडक्यात,” मी म्हणालो, “आपण हरलो, तिथला हा हत्ती.”

“हरलो? कोण हरलं?”

“आपण. मराठे.”

काकांनी हत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग तुम्ही तो कापसात गुंडाळून कशाला ठेवलाय?”

हा प्रश्न मला घरातसुद्धा कुणी विचारला नव्हता. मॅडमनीही पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते दोन तासांचं आहे आणि त्याला नकाशा लागतो.

तेवढ्यात मॅडमच्या हाती लिस्टरशायर रेजिमेंटचा बिल्ला आला. वाघ, वर ‘हिंदुस्तान’. १८०४ ते १८२३ इतकी वर्षं ती पलटण हिंदुस्थानात राबली म्हणून तिला तो वाघ मिळालेला. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “वाघ! बघा, सांगितलं नव्हतं?”

इथून पुढे त्यांचा विजय थांबवणं कुणाच्याही हातात नव्हतं. माझा डबाच त्यांना सामील झाला. लाइट इन्फंट्रीचं बिगुल निघालं, ते सर्कशीच्या बँडचं. प्रिन्स ऑफ वेल्सचा तीन पिसांचा तुरा निघाला, तो घोड्यांच्या डोक्यावरचा. फ्युजिलियर्स या पायदळ पलटणींचा पेटता हातगोळा निघाला. काका म्हणाले, “आगीच्या रिंगणातून उडी मारायचे ना, त्यांचा!” वास्तविक या हातगोळ्यांनी संग्राहकांची अर्धी हयात खाल्ली आहे. फ्युजिलियर पलटणी अनेक आणि सगळ्यांचा हातगोळा लांबून सारखाच. गोळ्याच्या पोटावर काय कोरलंय ते भिंगातून पाहावं लागतं. नुसता वाघ असेल तर मन्स्टर, वाघ आणि हत्ती दोन्ही असतील तर डब्लिन. या दोन्ही पलटणींचं मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेत, आणि दोन्ही १९२२ साली मोडल्या. मी एवढं सगळं बोललो. मॅडमनी त्यातला ‘वाघ आणि हत्ती’ एवढाच भाग ऐकला आणि काकांकडे पाहून मान डोलावली.

मग कवटी निघाली. कवटी, खाली दोन हाडं, त्यावर पट्टी : ‘ऑर ग्लोरी’. सतराव्या लान्सर्स या घोडदळ पलटणीचा बिल्ला. ‘मरण किंवा कीर्ती’ यातलं मरण चित्रात आहे, कीर्ती अक्षरांत. १७५९ साली कॅनडातल्या क्युबेकला ब्रिटिश जनरल वुल्फ पडला आणि त्याच वर्षी ही पलटण उभी राहिली, ही कवटी त्याच्या स्मरणार्थ. मला हा बिल्ला फार आवडतो. चित्रकाराने कवटीचे दात एकेक करून काढलेत. त्याच दातांवरून पूर्वीच्या कुणा मालकाने वर्षानुवर्षं पॉलिश घासून ते बोथट केलेत, त्या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.

“मौत का कुआँ,” काका म्हणाले. मोटारसायकलची घरघर तोंडाने काढून, रिकाम्या हाताने हवेत गोल गोल फिरवून दाखवली. रांगेतली एक लहान मुलगी खूश झाली. रंगात येऊन त्यांनी डावाही हात सोडला आणि पँट धरायला एकदम खाली वाकले. निदान तिथे तरी विषय संपायला हवा होता. उलट वाकल्यामुळे त्यांचं तोंड डब्याच्या पातळीला आलं आणि त्यांना चाक दिसलं.

ते चाक म्हणजे आर्मी सायकलिस्ट कोअर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची सायकलवरची फौज होती. तिच्या बिल्ल्यावर सायकलचं चाक आहे आणि त्याचे दोन प्रकार, बारा आऱ्यांचं आणि सोळा आऱ्यांचं. माझं सोळाचं. ते सोळाच आहेत याची खात्री मी दिव्याखाली टाचणीचं टोक एकेका आऱ्यावर ठेवून केली आहे.

“हे कोणाचं ते मी सांगायलाच नको,” काका म्हणाले. “एकचाकी सायकलवाला!”

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या उत्तराला असई लागत होती, क्युबेक लागत होतं, ईस्ट इंडिया कंपनी लागत होती. त्यांच्या उत्तराला एक शब्द पुरत होता आणि तो डब्यातल्या प्रत्येक नगाला चपखल बसत होता. स्वतः नेमलेला पुरावा इतक्या निष्ठेने बाजू बदलतो हे मी कोर्टातसुद्धा ऐकलेलं नाही.

शेवटची आशा ग्लॉस्टरशायर रेजिमेंटवर होती. तिचे दोन बिल्ले, एक टोपीच्या पुढे, एक मागे. २१ मार्च १८०१ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला ही पलटण, तेव्हाची २८ वी, पुढून आणि मागून एकाच वेळी घेरली गेली. मागच्या रांगेने तोंड फिरवलं आणि दोन रांगा पाठीला पाठ लावून लढल्या. म्हणून मागचा छोटा बिल्ला, त्यावर स्फिंक्स. लष्करी इतिहासात यापेक्षा देखणी गोष्ट मला माहीत नाही. मी ती मनापासून सांगितली. रांगेतले दोघंतिघं ऐकायलाही लागले होते.

“म्हणजे टोपीला पुढेही बिल्ला आणि मागेही बिल्ला?” मॅडमनी विचारलं.

“हो!”

“विदूषक,” काका हळूच म्हणाले. आणि स्फिंक्सवर बोट ठेवून : “ही बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग. वेगळं तिकीट काढून बघितली होती आम्ही.”

मॅडमनी वही ओढली. “यातल्या काहींवर मुकुट का आहे?” एवढं मात्र त्यांनी मला विचारलं, आणि मी पुन्हा फसलो, कारण मुकुटावर बोलायला मिळणं हे आमच्यातल्या कुणाच्याही नशिबी सहसा येत नाही. मुकुटावरून बिल्ल्याचं वय कळतं. राणी व्हिक्टोरियाचा मुकुट वेगळा. १९०१ नंतर राजांचा, गोल घुमटाचा. १९५३ पासून एलिझाबेथ राणीचा, मध्ये दबलेल्या कमानींचा. गोल मुकुट दिसला की १९५२च्या आतला, इतकं सोपं गणित होतं. २०२२ साली चार्ल्स राजे झाले आणि त्यांनी चिन्हासाठी पुन्हा तो गोल मुकुटच निवडला. जगभरच्या संग्राहकांपैकी कुणालाही न विचारता! आता उद्या बनलेला बिल्लाही लांबून आजोबांच्या काळचा दिसणार, आणि विकणारे तो तसाच विकणार.

विकणाऱ्यांचं तर बोलूच नये. जुने बिल्ले ठशावर दाबून काढलेले, म्हणून पुढच्या चित्राचा उलटा खळगा मागे दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट आणि बारीक छिद्रांची. मग त्या नकलेला आम्लात बुडव, मातीत पूर, असे संस्कार करायचे आणि ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडला’ म्हणायचं. इतक्या आजोबांनी इतक्या ट्रंका मागे ठेवल्या असत्या तर लढायला माणूस उरला नसता. एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीचा पंखवाला खंजीर तर इतका सापडतो की ती तुकडी गुप्त होती यावर विश्वास बसत नाही. यात मला खरा राग कशाचा येतो? पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर किंवा पाठीवर शिपायाचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. बिल्ल्यावर काहीच नसतं. तो कुणाच्या डोक्यावर होता आणि ते डोकं घरी परतलं का, हे फक्त देणाऱ्याच्या तोंडून कळू शकतं. आणि देणारा खोटं बोलतो. ते खोटं त्याला चार पैसे मिळवून देतं आणि कुठल्यातरी खऱ्या माणसाला कायमचं पुसून टाकतं. या लोकांना कुणी वहीत सही करायला लावत नाही.

“प्लॅस्टिकचा एक आहे,” मॅडम म्हणाल्या. “हे खेळणं का?”

ते खेळणं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात धातूची चणचण झाली तेव्हा ब्रिटिशांनी १९४२च्या सुमारास प्लॅस्टिकचे बिल्ले काढले. मागच्या नाजूक पात्या अखंड असलेला नग मिळणं कठीण, आणि आख्ख्या डब्यात मी सर्वांत जास्त पैसे त्याच्यासाठी मोजलेत. पण मी शहाणा झालो होतो. “हो, खेळणं,” मी म्हणालो. मॅडमनी तो नोंदलासुद्धा नाही.

सही झाली. डबा मिळाला. निघता निघता मॅडमनी अगदी आपुलकीने विचारलं, “तुम्ही स्वतः काय करायचात सर्कशीत?”

दारापाशीच्या खुर्चीवर मी डबा पुन्हा लावत बसलो, तर शेजारी काका. आता पट्टा बांधलेला, त्यामुळे दोन्ही हात मोकळे.

“रागावला नाहीत ना? नाही, आमच्याकडे पण आहे एक बिल्ला. आजोबांचा. पण तो सर्कशीतला नाही हं, खरा. पलटणीतला.”

“असं का,” मी म्हणालो.

“बिगुल आहे. मध्ये आकडा.”

माझा हात डब्यावर थांबला. “कुठला आकडा?”

“एकशे तीन. का एकशे दहा? असं काहीतरी.”

१०३ आणि ११०, दोन्ही मराठा लाइट इन्फंट्री. दोन्ही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, दोन्ही तिथल्या कूतच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. हे आकडे १९२२ साली गेले, तेव्हा या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत मिळाल्या. म्हणजे ज्याच्यावर आकडा आहे तो बिल्ला त्याआधीचा. आणि इथे तर आजोबाही खरे, ट्रंकही खरी. माझा घसा कोरडा पडला.

“आजोबा मेसोपोटेमियात होते का?”

“बसऱ्याला होते म्हणतात. फार काही बोलायचे नाहीत.”

“त्यांचं नाव, पलटण, काही कागद?”

“कागद वाळवीनं खाल्ले. बिल्ला आहे. नातवाने खेळण्यातल्या रणगाड्यावर चिकटवलाय.”

“चिकटवलाय? कशाने?”

“ते लगेच चिकटतं ना, त्याने. घट्ट बसलाय.”

मी डोळे मिटले. “काका, एक सांगा. चिकटवायच्या आधी मागे काय होतं? पट्टी होती की दोन कड्या? काही खूण, काही अक्षरं?”

विमानात चढण्याची घोषणा झाली होती. काका उठले, बॅग खांद्याला लावली.

“अहो, मागे कोण बघतं?”